सातव्या दिवसाची लाट

जानेवारीतले ऊन आमच्या घरात सरळ येत नाही. आधी ते समोरच्या कासारांच्या ओट्यावर उतरते. तिथे आदल्या दिवशी ठोकून झालेल्या पितळी पराती भिंतीला टेकून उभ्या असतात. त्यांच्यावर आदळून ते मागे वळते आणि आमच्या छपराच्या आतल्या अंगाला, कवेलूंखालच्या बांबूच्या पट्ट्यांवर, हलत्या पिवळ्या गोलांच्या रूपाने येऊन बसते. आमच्या वाट्याला येणारा दिवसाचा पहिला उजेड हा असा दुसऱ्याच्या भांड्यांनी परत केलेला असतो, आणि कदाचित म्हणूनच तो इतका मऊ असतो. मग कासारांचा हातोडा सुरू होतो, पराती एकेक करून उचलल्या जातात, छपरावरचे गोल एकेक करून विझतात. पावणेआठच्या सुमारास खरे ऊन कुंपणावरून डोकावते. खिडकीला तीन गज आहेत, त्यामुळे समोरच्या भिंतीवर उन्हाचे चार उभे तुकडे पडतात. सूर्य वर चढतो तसे ते खाली उतरतात, आणि तो दक्षिणेकडे सरकतो तसे ते उजवीकडे जातात, इतके सावकाश की सरकताना ते कधीच दिसत नाहीत. नजर काढून पुन्हा लावावी, तर ते बोटभर पुढे गेलेले असतात. त्या भिंतीवर मी आलेखाचे चार कागद डिंकाने एकमेकांना जोडून लावले होते. एकोणऐंशी सालच्या हिवाळ्यातले एकशे चाळीस दिवस, आणि त्या प्रत्येक दिवसाचे तापमान, आमच्या डोक्यावर तीस किलोमीटर उंचीवरचे. उन्हाचा पहिला तुकडा नोव्हेंबरवर पडे आणि तारखांच्या क्रमाने पुढे सरके. जिथे ऊन पडे तिथली निळी रेषा थोडी जांभळी दिसे, आणि ती रेषा वर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई. वीस उंचवटे, दर सात दिवसांनी एक. चहाचा कप दोन्ही तळहातांत धरून, कोणाशीही न बोलता, त्या उंचवट्यांवरून उन्हाला चालत जाताना पाहणे हा माझ्या दिवसातला एकमेव असा भाग होता, जेव्हा मला आपण कोणीतरी आहोत असे वाटत असे.

त्या सकाळी ऊन चौथ्या उंचवट्यावर होते. अंगणात माझ्या वडिलांशी, बाबूजींशी, कोणीतरी बोलत होते. आवाजावरून ओळखले, तो केवळराम होता, आंधळगावच्या शाळेतला बाबूजींचा जुना विद्यार्थी, आता त्याच शाळेत मास्तर. पहिल्या एसटीने तो आला होता आणि त्याच्या आवाजात परीक्षेला बसलेल्या मुलाची घाई होती.

"सोमवारी साहेब येऊन राह्यले जी गुरुजी, तपासणीले," तो म्हणत होता. "बाकी समदं ठीक हाये. पण बाजाराच्या दिवशीची हजेरी पाहाल तं! अर्धी शाळा मायबापासंगं बाजारात. पोट्टे येतच नाहीत."

"मंग रकाने खाली ठेवले का तू?" बाबूजींनी विचारले.

"नाही तं का करू?"

"अरे बावा, दोन वर्सं झाली मले शाळा सोडून, आन तुमी लोकाईनं समदं बुडवलं. रकाना खाली ठेवाचा नसते गा. खाली रकाना दिसला का साहेबाचं डोकं फिरते. आदल्या दिवशीचा आकडा घ्याचा, त्याच्यात दोन-तीन वाढवाचे, आन भरून टाकाचा."

"वाढवाचे? कमी नाही कराचे?"

"कमी केले तं तो विचारन, काहून कमी. तोच आकडा ठेवला तं म्हणन, मास्तरानं नक्कल मारली. दोन-तीन वाढले का खुश! वाढल्याचं कारण कोणता साहेब विचारते सांग बरं? तीस वर्सं मी हेच केलं. एका साहेबानं तं मले शाबासकी देल्ली. म्हणे, भय्याजी गुरुजी, तुमच्या शाळेत बाजाराच्या दिवशी उलटी हजेरी वाढते, हे कसं का?"

"तुमी का सांगतलं?"

"म्हटलं, पोट्टे शाळेतूनच बाजारात जातेत साहेब, एका फेरीत दोन कामं."

केवळराम खो खो हसला. चुलीजवळून मायचा आवाज आला, "घ्या! चांगली विद्या देऊन राह्यले. त्याची नोकरी घालवाल." बाबूजीही हसले, आणि त्यांच्या हसण्याबरोबर अंगणातल्या चिमण्या एकदम उडाल्या.

मी हसलो नाही. माझ्या हातातला कप कलला आणि थोडा चहा बशीत न पडता गुडघ्यावर पडला. तो गरम होता हे मला काही क्षणांनी कळले. भिंतीवर ऊन चौथ्या उंचवट्याच्या माथ्यावर स्थिर होते. माझ्या लाटेची उंची दोन ते तीन अंश होती. माझी लाट दर सातव्या दिवशी येत होती. आठवडी बाजारही दर सातव्या दिवशी येतो. हे तीन विचार एकापाठोपाठ एक आले आणि ओळखदेख नसलेल्या प्रवाशांसारखे एकमेकांशेजारी बसून राहिले. कोणीही कोणाशी बोलले नाही. मीही त्यांच्याशी बोललो नाही. मी जुन्या धोतराच्या फडक्याने गुडघा पुसला आणि केवळरामला नमस्कार करायला बाहेर गेलो, कारण न जाणे उद्धटपणाचे झाले असते.

ज्याला लाट पाहायची आहे त्याने नदीकाठी जावे, समुद्राकाठी जावे. मी आकाशातली लाट निवडली, त्याचे कारण माझ्या स्वभावात असावे. लोकांशी बोलताना माझे शब्द घशातच राहतात. भंडाऱ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचा प्रात्यक्षिक-शिक्षक म्हणून मला लागून तीन वर्षे झाली होती, तरी वर्गात एखाद्या मुलाने अनपेक्षित प्रश्न विचारला की माझे कान तापत. अशा माणसाला तीस किलोमीटर हे अंतर फार सोयीचे वाटते. तिथे ढग नाहीत, पाऊस नाही. खालच्या आकाशात जितके वर जावे तितकी थंडी वाढते. तिथे मात्र उलटे होते, वर जावे तशी हवा उबदार होत जाते, आणि म्हणून तिथली हवा ढवळत नाही, थरावर थर ठेवल्यासारखी शांत पडून असते. तिला स्थितांबर म्हणतात. पहिल्यांदा हा शब्द वाचला तेव्हा मला तो एखाद्या गावाच्या नावासारखा वाटला होता, जिथे एसटी जात नाही. पण त्या शांत गावातही हेलकावे पोचतात. खाली डोंगरांवरून वारा घासतो, वादळे उठतात, आणि त्यांची थरथर वर चढू लागते. जितकी हवा विरळ तितकी ती थरथर मोठी होते. जमिनीजवळ जी कोणाच्या लक्षातही येणार नाही, ती तीस किलोमीटरवर पोचेपर्यंत अंशा-दोन अंशांची लाट झालेली असते. ज्याचे खाली कोणी ऐकत नाही त्याचे वर ऐकू येते, हे विज्ञान मला पहिल्या वाचनातच पटले होते.

हे सगळे पाहणारा एक उपग्रह होता. तो ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरे आणि दररोज दुपारच्या सुमारास आमच्या रेखांशावरून जाई. त्याच्याजवळ थर्मामीटर नव्हता. हवेतून निघणारी, डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणे तो मोजी, आणि त्यांच्या कमीजास्तपणावरून कोणत्या उंचीवर किती तापमान आहे हे हिशेबाने काढता येई. ते हिशेब पुण्याच्या एका संस्थेतल्या संगणकावर होत आणि हिरव्या पट्ट्यांच्या, घडीवर घडी घातलेल्या लांबलचक कागदांवर छापले जात. नागपूरचे माझे मार्गदर्शक कृष्णराव यांनी खटपट करून ते गठ्ठे माझ्यासाठी मिळवले. सुतळीने बांधलेले पाच गठ्ठे पोस्टमनने सायकलवरून आणले, तेव्हा मायने त्याला आधी पाणी दिले आणि मग विचारले, "एवढी मोठी चिठ्ठी कोनाची?"

बाबूजी तेव्हा नुकतेच निवृत्त होऊन आंधळगावहून आमच्याकडे, म्हणजे माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत, राहायला आले होते. चाळीस मुलांच्या गलक्यात तीस वर्षे घालवलेला माणूस रिकाम्या दुपारी काय करतो हे मी त्या महिन्यात पाहिले. ते कवेलू मोजत. कासारांच्या हातोड्याचे ठोके मोजत. भाजीची यादी ते रकाने आखून लिहीत आणि मायला तिच्यावर अंगठा करायला लावत. मायही हसून करी. मला त्या गठ्ठ्यांतून रोजचा एकच आकडा हवा होता, आमच्या अक्षांश-रेखांशाच्या सर्वांत जवळचा, तीस किलोमीटर उंचीचा. असे एकशे चाळीस कागद चाळायचे होते. मी बाबूजींना रांग दाखवली, स्तंभ दाखवला. त्यांना इंग्रजी आकडे येत होते, अक्षरे येत नव्हती. आकडे पुरेसे होते. त्यांनी चष्मा पुसला, लाकडी पट्टी आणली, लाल शाईने समास आखला. त्या दुपारपासून आमच्या घरात पुन्हा शाळा भरू लागली.

"हे दोनशे अठ्ठावीस का हाये? गरमी?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले होते.

मी सांगितले की हे शून्य फार खालून मोजलेले आहे, आपल्या मापात ते बर्फाच्याही खाली पंचेचाळीस अंश होते.

मायने भाकरी थापता थापता हात थांबवला. "बर्फाच्याही खाली? मंग माही गेलेली माय तेथं का पांघरत असन?"

"तुही माय आनखी वर असन," बाबूजी म्हणाले. "पोरगा सांगते का आनखी वर गेलं का गरम होते."

"हौ का रे परसू?" मायने मला विचारले. मी मान हलवली. तिला खरोखरच बरे वाटले.

पुढे बाबूजींना उपग्रहाचा लळा लागला. दुपारचे बारा वाजले की ते अंगणात जात, कपाळावर हाताची सावली करून वर पाहत आणि घरात येऊन सांगत, "गेला." काही दिसणे शक्य नव्हते, आणि हे मी त्यांना कधी सांगितले नाही. शेजारच्या निर्मलाबाई एकदा म्हणाल्या, "गुरुजी, रोज कोनाची वाट पाहून राह्यले जी?" बाबूजी गंभीरपणे म्हणाले, "एक पोट्टा हाये. रोज टायमावर येते. माह्या शाळेत असा एकही नव्हता." त्यांनी भरलेली वही माझ्या हातात आली तेव्हा तिच्याकडे मी कितीतरी वेळ नुसता पाहत राहिलो. एकही खाडाखोड नव्हती, एकही रकाना रिकामा नव्हता. एकशे चाळीस दिवस, एकशे चाळीस आकडे, सगळे एका उंचीचे, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे. मी बिंदू मांडले, बिंदू गोलसर रेषेने जोडले. तिसऱ्या संध्याकाळी लाट दिसली. मी कोणालाही हाक मारली नाही. मी अंगणात जाऊन हातपाय धुतले, परत आलो, आणि ती अजून तिथेच होती.

केवळराम गेला. मी जेवलो. बाबूजी माझ्या ताटासमोर बसून पुण्याच्या प्रवासाबद्दल बोलत होते. पुढच्या गुरुवारी पुण्यात चर्चासत्र होते. मला माझी लाट पंधरा मिनिटे तज्ज्ञांसमोर मांडायची होती, आणि ती त्यांना पटली तर त्याच संस्थेत दोन वर्षांची संशोधनवृत्ती मिळणार होती. कृष्णरावांनी इंग्रजीत लिहिले होते, "इतके स्वच्छ आकडे क्वचितच मिळतात. ज्यांनी नोंदी उतरवल्या त्यांचे आभार मानायला विसरू नका." ते पत्र बाबूजींनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतले होते. तेही माझ्याबरोबर येणार होते. त्यांना तो संगणक पाहायचा होता. "आपन दोन वर्सं त्याचं अक्षर वाचून राह्यलो," ते म्हणत, "एक डाव त्याचं तोंड पाहू." मायने तिळाचे लाडू करायला घेतले होते, थोडे प्रवासाला आणि थोडे, तिच्या शब्दांत, "त्या मशीनवाल्याईले." मी खाली मान घालून भात कालवला. विचारायचे वाक्य तयार होते, अगदी सोपे होते, बाबूजी, कोऱ्या जागा होत्या का? ते मी घासाबरोबर गिळले आणि सायकल काढली.

कॉलेजकडे जाताना मी स्वतःशी वाद घातला, आणि वादात मी फार हुशार होतो. म्हटले, निसर्गात पाच दिवसांच्या लाटा असतात, सोळा दिवसांच्या असतात. सात दिवसांची का नसावी? म्हटले, बाबूजी शाळेच्या हजेरीत काय करत होते याचा आकाशाशी संबंध काय? म्हटले, उपग्रह कशाला सुटी घेईल? तो काही कोणाच्या मायबापांबरोबर बाजाराला जात नाही. या शेवटच्या मुद्द्यावर मला हसू आले आणि मी जोरात पायडल मारले. रस्त्याच्या कडेला धान कापून नेलेल्या शेतांच्या बांध्या उन्हात पिवळ्या पडल्या होत्या आणि त्यांत बगळे उभे होते, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. मला वाटले, बगळेसुद्धा सारख्या अंतरावर उभे राहतात, म्हणून काय ते कोणी मुद्दाम उभे केलेले असतात? मग त्यांतला एक उडाला आणि सगळी मांडणी मोडली. मी पुढे पाहू लागलो.

प्रयोगशाळेत त्या दिवशी लंबकाचा प्रयोग होता. वीस मुले दोऱ्यांना गोळे बांधून झोके मोजत होती. आमच्या प्रयोगशाळेत असे आहे की एका घड्याळाची कळ अडकते, दोन गोळे भिंतीला आपटतात, आणि तरीही दर वर्षी प्रत्येक मुलाच्या वहीत गुरुत्वाचे मूल्य नऊ पूर्णांक आठच येते. ती आधी उत्तर लिहितात आणि मग त्याला शोभतील अशी निरीक्षणे. मला हे माहीत आहे, मी सह्या करतो. त्या दिवशी एका मुलीने वही पुढे केली. तिचे उत्तर आठ पूर्णांक नऊ होते आणि ती रडवेली झाली होती.

"सर, बाकी समद्याईचं बरोबर आलं. माहंच काहून चुकलं?"

मी तिची निरीक्षणे पाहिली. ती खरी होती. कुठेतरी तिने एक झोका कमी मोजला होता, पण झोके मोजले होते. मी म्हणालो, "तुझे बरोबर आहे," आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या टेबलावरची मुले वळून पाहू लागली. प्रयोगशाळेचा शिपाई टेकचंद स्टूलावरून उठून जवळ आला. "सर, तब्येत ठीक हाये ना जी? पुण्याच्या टेन्शननं तं नाही? मी पोराईले सांगतलं, आपले सर आभाळातली गरमी मोजतेत. एक पोट्टा म्हणे, मंग उन्हाळा कमी कराले सांगा ना त्याहीले." मुले हसली. मीही हसल्यासारखे केले, दुपारची अर्धी रजा लिहून दिली आणि घरी निघालो. परतताना बगळे कुठे दिसले नाहीत, किंवा मी पाहिले नाही.

गठ्ठे मोठ्या पेटीत, गोधड्यांखाली होते. बाबूजी अंगणात उन्हाला पाठ देऊन बसले होते आणि माय पाक झाला का ते पाण्याच्या वाटीत थेंब टाकून पाहत होती. मी आवाज न करता पेटी उघडली. सुतळीची गाठ बाबूजींची होती, शाळेतल्या नकाशांना ते मारत तशी, दोन वेढ्यांची. कागदांना गोधड्यांचा वास लागला होता. एक तारीख, दुसरी, तिसरी. आकडे वहीतल्यासारखेच होते, एकही चूक नव्हती, दशांशसुद्धा. चौथी, पाचवी, सहावी. सातव्या दिवसाच्या जागी आडव्या रेघा होत्या. पूर्ण रांगभर, पानभर, रेघा. मी वही उघडली. त्या तारखेपुढे आकडा होता, सुरेख, आदल्या दिवसापेक्षा दोन पूर्णांक चारने मोठा. पुढचे सहा दिवस पुन्हा बरोबर होते, आणि सातवा पुन्हा रेघांचा. मी जमिनीवर बसून वीसही रेघांची पाने मोजली. मोजताना मला आश्चर्य वाटले नाही याचेच मला थोडे आश्चर्य वाटले. बाबूजींनी ठेवलेला एकेक टोकदार आकडा मी रेषेच्या वळणाने गोल केला होता. टोके घासून मी त्यांचे उंचवटे केले होते. त्यांनी दगड ठेवले आणि मी पाणी ओतले.

दारात सावली पडली. बाबूजी उभे होते. "का शोधून राह्यला?"

"बाबूजी, हे रकाने खाली होते का जी?"

त्यांनी चष्मा नाकावर ओढून वाकून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर कोणताही अपराध नव्हता. उलट एखाद्याने जुने काम आठवणीने काढून पाहावे याचा आनंद होता. "हौ ना. दर सातव्या दिवशी. मी भरले ते. तुले दिसले नसते तं बरं झालं असतं, लय सफाईनं भरले होते."

"पण तुमाले वाटलं नाही का, हे काहून खाली हायेत?"

"त्याच्यात का वाटाचं?" बाबूजी म्हणाले. "दर सातव्या दिवशी गैरहजर, म्हटलं त्याचाही बाजार असन."

मग मी सांगितले. सावकाश, एकेक पायरी, पहिलीच्या मुलाला बेरीज समजवावी तसे. लाट कशी दिसली, ती दर सातव्या दिवशी का दिसली, दोन-तीन अंश कुठून आले. बाबूजी पेटीच्या कडेवर बसून ऐकत होते. माझे बोलणे संपले तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या चार कागदांकडे पाहिले, पहिल्या उंचवट्यापासून विसाव्यापर्यंत.

"म्हंजे हे समदं मी केलं?"

"हौ."

"तीस किलोमीटरवर?"

आणि ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग खोकला आला आणि खोकल्यातूनही ते हसतच राहिले. माय हातातला झारा घेऊन धावत आली. काय झाले ते बाबूजींनी तिला मोडक्या वाक्यांत सांगितले. तिने झारा कमरेवर टेकवला. "इतके दिवस खाली लावली, आता आभाळातही खोटी हजेरी लावली का? त्या उपग्रहाच्या मायबापाले कळन तं का म्हणतील?" हे ऐकल्यावर माझेही हसू सुटले. मी शेवटचा असा कधी हसलो होतो ते मला आठवत नाही. पोट दुखेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी पेटीला टेकून हसलो, आणि निर्मलाबाई कुंपणावरून विचारत होत्या की गुरुजी, कोनाचं का झालं, आन पाक जळून राह्यला का वं बाई. पाक जळला होता. मायने कढई उतरवली आणि कडू झालेला पाक काढून टाकून नवा गूळ फोडायला घेतला.

आधी बाबूजींचे हसू थांबले. ते म्हणाले, "मंग पुण्याचं?"

"लाटच नाही तं कायचं पुणं?"

पेटीतल्या कागदांच्या कडा त्यांनी बोटाने सारख्या केल्या. ज्या यंत्राचे तोंड त्यांना पाहायचे होते त्याचे अक्षर त्यांच्या मांडीवर पडले होते. मग त्यांनी तो शाळेतला आवाज काढला ज्याच्यापुढे मी लहानपणापासून उभा राहत आलो आहे. "कागद घे. त्या कृष्णराव साहेबाले लिही. चूक मास्तराची हाये असं लिही. माहं नाव घालून लिही. मी आता रिटायर माणूस, मले कोन का करन? तू तं पोरगा हायेस, तुह्या पुढं समदं पडलं हाये. लिही, वडिलांनी अज्ञानानं रिकाम्या जागा भरल्या, आन मले कल्पना नव्हती."

मी कागद घेतला. लेखणी उघडली. उजेड अजून पुरेसा होता. माय नव्या पाकात तीळ घालत होती आणि तडतडण्याचा आवाज येत होता. मी तारीख घातली, मायना लिहिला, लाट नसल्याचे एका वाक्यात लिहिले, आणि ते वाक्य लिहिताना मला वाटले होते तितके दुखले नाही. उलट छातीवरचे काहीतरी बाजूला झाल्यासारखे झाले. चर्चासत्रातून माझे नाव काढावे अशी विनंती लिहिली. मग, ही चूक कशी झाली याबद्दल, असे लिहून थांबलो. बाबूजी माझ्या खांद्यावरून, न कळणाऱ्या इंग्रजी अक्षरांकडे, मोठ्या अभिमानाने पाहत होते. ओळी सरळ येत आहेत की नाहीत एवढेच ते तपासत असावेत.

"लिहिलं का, कल्पना नव्हती म्हणून?" त्यांनी विचारले.

"लिहून राह्यलो," मी म्हणालो.

पण ते वाक्य मी लिहिले नाही. पहिल्या गठ्ठ्याला पुण्याहून इंग्रजीत टंकलेली एक चिठ्ठी टाचलेली होती. उपकरण दर सातव्या दिवशी बंद ठेवले जाते आणि त्या दिवसाची नोंद नसते, असे तिच्यात लिहिले होते. वही हातात येण्याच्या किती तरी आधी ती मी वाचली होती.